अहमदपूर कुणाचं?

"मॅडमला काही विचारू नका. त्या बोलत नसतात. अर्ज द्या, वाचतील."

नांदेडच्या आमच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे रजिस्टरांचं एक उंच कपाट होतं आणि त्या कपाटामागे माझं टेबल. समोर आलेल्या माणसाला मी दिसत नसे, मला मात्र सगळं ऐकू येई. हे वाक्य आमचे हवालदार एका तक्रारदाराला सांगत होते. त्यात टोमणा नव्हता. पाण्याचा माठ पलीकडे आहे, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात ते बोलले. त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आधी हे वाक्य ऐकू येतं आणि मग बाकीचं सगळं.

मी सहा वर्षं उपनिरीक्षक होते, नंतर स्वतःहून सेवा सोडली. निवृत्त अधिकारी म्हणावं असं माझं वय नाही. सोडण्याची कारणं माझ्याजवळच राहू देत. या लेखात मी कुणाचंही नाव घेणार नाही, कारण त्यातली सगळी माणसं आज आपापल्या कामात आहेत आणि चांगली आहेत.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. ठाण्यात नवीन होते तेव्हा जबाब लिहिताना कुणी 'एकोणऐंशी' म्हणालं की माझं पेन थांबायचं. हवालदार काही न बोलता टेबलाखालून आधी सात आणि मग नऊ बोटं दाखवायचे. चुकण्यापेक्षा गप्प बसणं बरं, ही सवय मला तिथेच पक्की लागली असावी. सकाळच्या हजेरीला, आठवड्याच्या आढावा बैठकीला मी वाक्य सुरू केलं की साहेब, म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक, ते पूर्ण करून टाकायचे. मग मी सुरूच करेनाशी झाले. लेखी अहवाल मात्र चांगला लिहायला शिकले.

तक्रारदार सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती आणि खुर्चीत बसल्यावरही त्याने ती उतरवली नाही. अर्जाचा मजकूर थोडक्यात असा: तो नांदेडात आणि त्याचा मित्र लातुरात, असे दोघे मिळून चार वर्षांपासून एकाच नावाने लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय करतात. त्या नावाचं मोबाईलवर एक पेज आहे. सगळी गिऱ्हाइकं त्या पेजवरूनच येतात. लातूरच्या मित्राने पासवर्ड बदलून ते पेज बळकावलं आहे. तरी गुन्हा दाखल व्हावा.

अर्जावर आवक क्रमांक पडला आणि साहेबांचा शेरा घेऊन तो माझ्याकडे आला. असा सायबर गुन्हा दाखल झाला तर तपास निरीक्षकांनाच करावा लागतो. त्याआधी अर्जात तथ्य आहे का, एवढं पाहणं माझं काम होतं.

"पोरापोरांचं भांडण आहे," साहेब म्हणाले. "आठवड्याच्या आत निकाली काढा."

मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी लातूरच्या एका ठाण्यातून फोन आला. तिथेही एक अर्ज आला होता. मजकूर अगदी तोच, फक्त नावं उलटी. फोनवरचे अधिकारी हसत होते. "तुमचा फिर्यादी तो आमचा आरोपी. आमचा फिर्यादी तुमच्याकडेच पाठवतो, तिथंच बसवा दोघांना."

दोन अर्ज, दोन अर्जदार, दोन आरोप झालेले, आणि माणसं एकूण दोनच.

लातूरचा सकाळच्या बसने आला. त्याच्याही खांद्याला तशीच बॅग. नांदेडचा आधीच आला होता. दोघे व्हरांड्यात बाकाच्या दोन टोकांना बसले. हवालदार त्यांच्याकडे बघत म्हणाले, "एका नावाचा धंदा अन् बसायले दोन टोकाला. मधी कोण, नवरी बसणार हाय का?"

दोघेही हसले नाहीत.

मी आधी नांदेडच्याला आत घेतलं. कमी बोलणं चौकशीत कामाला येतं. प्रश्न विचारून आपण गप्प राहिलो की समोरच्याला ती शांतता सहन होत नाही, आणि तो विचारलं नसेल तेही सांगू लागतो.

"तुमचं कसं ठरलं होतं?" एवढंच मी विचारलं.

"मॅडम, आम्ही होस्टेलला एका खोलीत होतो. एकच कॅमेरा दोघांत. कॉलेज संपल्यावर तो गेला त्याच्या गावाकडं, लातूरला. मग ठरवलं, नाव एकच ठेवायचं, रेट एकच ठेवायचा. अहमदपूरच्या अलीकडची लग्नं माझी, पलीकडची त्याची. इतकं साधं हाय."

"लिहून ठेवलंय कुठे?"

"लिहायचं कामून? दोस्त हाय ना तो." बोलून झाल्यावर आपण ज्याच्याविरुद्ध अर्ज दिला आहे त्याच्याबद्दलच हे बोललो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

मी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि खुद्द अहमदपूर?"

भांडण तिथेच होतं. अहमदपूर नांदेड आणि लातूरच्या मधोमध पडतं. दोघांनी रस्ता वाटून घेतला होता, गाव वाटायचं राहून गेलं होतं. चार वर्षं त्यावाचून काही अडलं नाही, कारण खुद्द अहमदपुरातलं मोठं लग्न कधी आलंच नव्हतं. या लग्नसराईत आलं. मुलीकडच्यांनी नांदेडच्याशी बोलणं केलं, मुलाकडच्यांनी लातूरच्याशी. दोघेही आपापली माणसं घेऊन मांडवात हजर. अक्षता पडत असताना दोघे एकमेकांच्या कॅमेऱ्यासमोर येत राहिले. शेवटी नवरीच्या मामाने दोघांनाही स्टेजवरून खाली उतरवलं. त्या लग्नाच्या सप्तपदीचा एकही धड फोटो निघाला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी बघतो तर पेजवरून माझी लग्नं गायब," नांदेडचा म्हणाला. "मी तापलो, मी बी त्याची चार-दोन काढली. रात्र गेली, सकाळी बघतो तर पासवर्डच लागंना."

"पेज कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडलेलं आहे?"

"त्याच्याच की. म्हणून तर."

लातूरच्यानेही हीच हकीकत सांगितली, फक्त पेजवरून आधी फोटो काढून टाकणारा बदलला. शेवटी मी त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"पेज कुणाच्या नंबरवर आहे?"

"त्याच्या," तो म्हणाला. "उघडताना मी म्हटलं तुझा टाक, तो म्हणला तुझा टाक. मालक झाल्यावानी वाटंल म्हणून कुणीच टाकंना. शेवटी त्यानंच टाकला असंल."

"असेल?"



मी दोघांचे जबाब शेजारी ठेवून वाचले. खोटं बोलणारी माणसं सहसा आपल्याला सोयीचं तेवढं खोटं बोलतात. इथे दोघेही नंबर दुसऱ्याचा असं सांगत होते आणि दोघांच्याही डोळ्यांत खात्री होती. म्हणजे नंबर दोघांचाही नव्हता. कंपनीला सायबर शाखेमार्फत पत्र पाठवलं असतं तर कधीतरी उत्तर आलं असतं. ते कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि साहेबांनी दिलेल्या आठवड्यातले दोन दिवस संपले होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या मोबाईलवर ते पेज उघडून पाहत बसले. फोटो सुंदर होते. नवरदेवाचा टॉवेल सावरणारा भाऊ, मेंदी वाळेपर्यंत नाकावरची माशी कुणीतरी हाकलावी म्हणून थांबलेली नवरी, पंगतीत मुलाच्या ताटातली जिलेबी उचलणारी आजी. बायकांच्या खोलीतले फोटो विशेष होते. तिथे कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. आणि एक गोष्ट मला खटकली. जी लग्नं एकमेकांनी काढून टाकली असं दोघेही सांगत होते, ती सगळी पेजवर जागच्या जागी होती. नांदेडचीही आणि लातूरचीही.

मी व्हरांड्यात गेले आणि न बोलता मोबाईल आधी एकापुढे धरला, मग दुसऱ्यापुढे. दोघांनीही वर-खाली करून पाहिलं.

"माझी आलीत परत," लातूरचा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्याची बी आलीत."

मी परत आत आले तर हवालदार मागून आले आणि कपाटाला टेकून उभे राहिले. "मॅडम, एक सांगू का? हसू नका. माझ्या साडूच्या पोरीचं लगीन हाय. तिनं परवा याच पेजवर इचारलं, तारीख मोकळी हाय का म्हणून. जवाब आला तिला. 'ताई' म्हणून, नीट, सविस्तर. मी म्हणलं, ज्यानं दुकान चोरलं, तो गिऱ्हाईक कामून सांभाळायलाय?"

या प्रकरणातली खबर ती एवढीच. हवालदारांनी ती सहज म्हणून सांगितली होती. मी त्यांना पहिल्यांदाच माझ्या टेबलासमोर बसायला सांगितलं.

त्यानंतर मी जे केलं ते मला फार आवडलं नव्हतं, पण तो चौकशीचा भाग होता. माझ्या खासगी नंबरवरून मी त्या पेजला मेसेज केला. घरात एकाच दिवशी दोन लग्नं आहेत, एक निलंग्याला आणि एक नांदेडला, दोन्हीकडे फोटो काढायला याल का. तारीख मी कॅलेंडर बघून निवडली, मुहूर्ताची दाट तारीख.

अर्ध्या तासात उत्तर आलं. निलंग्याचं जमेल, लातूरहून माणूस येईल. नांदेडचं मात्र जमणार नाही, कारण त्या दिवशी आमचा नांदेडचा कॅमेरा हिमायतनगरला आहे. कृपया दुसरीकडे बघावं, उशीर करू नये, त्या तारखेला चांगले फोटोग्राफर लवकर मिळत नाहीत.

मी दोघांना पुन्हा एकेकटं आत बोलावलं आणि ती तारीख विचारली. नांदेडच्याने वही काढली. हिमायतनगर, बरोबर. लातूरचा त्या दिवशी मोकळा आहे का, हे त्याला माहीत नव्हतं. लातूरच्याची वही त्या तारखेला कोरी होती. हिमायतनगरचं त्याने नावही ऐकलं नव्हतं. उत्तर देणाऱ्याला मात्र दोन्ही वह्या पाठ होत्या.

"तुमच्या दोघांच्याही तारखा कुणाला माहीत असतात?" मी दोघांना एकत्र बसवून विचारलं.

"कुणालाच न्हाई," दोघेही एकदम म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

मी वाट पाहिली. पंखा फिरत होता. शेवटी नांदेडचा म्हणाला, "म्हणजे, एडिटिंगवालीला सांगावं लागतं. डिस्क कधी येणार ते तिला कळावं म्हणून."

"कोण?"

"कंधारची हाय एक. आमच्यासंगंच शिकली. फोटो नीट करती, अल्बम करती, पेजवर टाकती. अल्बममागं तिचं ठरलेलं देतो आम्ही. पण तिला धरू नका मॅडम, ती यात न्हाई."

"बोलतच न्हाई ती," लातूरचा म्हणाला.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जावं लागतं. गाड्या बंदोबस्तात होत्या, म्हणून मी, एक महिला शिपाई आणि हवालदार असे बसने कंधारला गेलो. आम्ही तिघेही साध्या कपड्यांत होतो. तरुण मुलीच्या दारात वर्दी उभी राहिली की गल्ली पुढची कित्येक वर्षं तेवढंच लक्षात ठेवते.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. वडील शेती सांभाळून एका शाळेत शिपाई होते. आईने पाणी दिलं आणि आमची ओळख कळल्यावर तिने बाहेरचं दार लोटून घेतलं. "काय केलं हिनं? माझी पोरगी तर कुणाशी तोंड उघडून बोलत न्हाई ओ."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती घाबरली होती, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने मला खोलीत यायची खूण केली. आत एक संगणक, खोक्यात ओळीने ठेवलेल्या हार्ड डिस्क, प्रत्येकीवर गावाचं नाव आणि तारीख. भिंतीवर शेजारी शेजारी दोन कॅलेंडरं टांगलेली होती. एकावर निळ्या पेनाच्या खुणा, दुसऱ्यावर लाल.

"निळं नांदेड," ती म्हणाली. "लाल लातूर."

मी खाली सतरंजीवर बसले, तशी तीही बसली. मी काही विचारलं नाही. ती चौकशीची युक्ती नव्हती, मला खरोखरच सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिनेच सुरुवात केली.

"मी चोरलं न्हाई मॅडम. पहिल्यापासून नंबर माझाच हाय. ते दोघं तुझा टाक, तुझा टाक करत बसले, म्हणून मी माझा टाकला. त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या ध्यानात न्हाई."

"पासवर्ड का बदलला?"

"त्या दिवशी अर्ध्या तासात अकरा लग्नं काढली दोघांनी मिळून. एक हा काढायला, एक तो काढायला. लोकांची लग्नं हायती ती. बायका अजून रोज बघत्यात पेजवर. माझ्याकडं सगळ्याच्या कॉप्या होत्या, मी परत टाकलं अन् कुलूप लावलं. दोघं शांत झाले की सांगणार होते. मग कळलं, ते पोलिसात गेले. मग भ्यायले."

"आणि गिऱ्हाइकांना उत्तरं?"

"जवाब न्हाई दिला तर लोक दुसरीकडं जात्यात. सीझन हाय."

बायकांच्या खोलीतले ते फोटो कुणाचे, हेही मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "हळदीला आत गड्यांना जमत न्हाई. मी जाते. दोन्हीकडं."

मग तिने अहमदपूरचं सांगितलं. सुरुवातीची दोन वर्षं दर गुरुवारी दोघेही आपापल्या बाजूने अहमदपूरच्या बसस्टँडवर यायचे, ती कंधारहून जायची. तिथल्या हॉटेलात चहा व्हायचा, आठवड्याचे फोटो बघितले जायचे, दोघे तिच्यासमोर एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायचे आणि ती कुठला फोटो पेजवर जाणार ते ठरवायची. पुढे काम वाढलं. आधी लातूरचा यायचा थांबला, मग नांदेडचा. डिस्क मात्र बसच्या पार्सलने येत राहिल्या आणि ती दर गुरुवारी जात राहिली.

"कंधारलाच मागवता आल्या असत्या की," मी म्हटलं.

"हाव. पण म्हटलं, एखाद्या गुरुवारी येतील."

मी जबाब लिहिला. वाचून दाखवला. तिने सही केली. निघताना हवालदारांनी तिच्या आईला सांगितलं, "वैनी, काळजी करू नका. आमच्या मॅडमबी बोलत न्हाईत, पण लिहित्यात चांगलं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या आधी मी अहवाल पूर्ण केला. पेज सुरुवातीपासून सदर मुलीच्या नंबरवर नोंदलेलं आहे, चार वर्षं तीच ते चालवते, त्यामुळे अर्जात तथ्य आढळत नाही. दोन पानं. साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि परत माझ्या कपाटामागे जाऊन बसले. माझं काम झालं, असं मला वाटलं होतं.

पुढे काय झालं ते आधी सांगते. आज त्यांचा व्यवसाय रीतसर भागीदारीत आहे. नांदेडच्या एका वकिलांनी करारपत्र केलं, ते नोंदवलं गेलं, आणि त्याची एक प्रत त्यांनी मला आणून दाखवली. नाव तिघांचं. कुणी बाहेर पडला तर नाव मागे राहील आणि त्याने काढलेले फोटो त्याच्या नावासह पेजवर राहतील. पेज भागीदारीच्या मालकीचं, पासवर्ड तिघांकडे, आणि कुणीही दुसऱ्याचा फोटो तिघांना विचारल्याशिवाय पेजवरून काढून टाकायचा नाही. तारखांची वही एकच, ती कंधारला. गुरुवारची भेटही करारात आहे. वकील म्हणाले, हे करारात लिहायची गरज नाही. तिघांनी आग्रह धरला. ज्या लग्नाचे सप्तपदीचे फोटो गेले होते, त्या जोडप्याला तिघांनी एका रविवारी देवळाच्या आवारात पुन्हा उभं केलं आणि अख्खा दिवस फोटो काढले. नवरीचा मामाही आला होता म्हणे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, याचा मी नंतर बराच विचार केला. एक तर हे, की भांडखोर माणसं सगळं लिहून घेतात, आणि जिवाभावाचे मित्र लिहायला लाजतात. लिहिलं म्हणजे भरवसा नाही असं त्यांना वाटतं. या दोघांना एकमेकांचा इतका मान होता की मालक म्हणून पुढे यायला कुणी तयार नव्हतं. त्या भिडेपायीच ते ठाण्यापर्यंत आले. दुसरं असं, की अर्जात ज्यांची नावं असतात त्यांनाच आपण विचारत बसतो. काम ज्याच्या हातून चालतं त्याचं नाव बहुतेकदा अर्जात नसतं.

तिसरं मला अहवाल दिल्यानंतर साहेबांच्या दालनात कळलं.

साहेबांनी दोघांना बोलावलं होतं. समोरच्या दोन खुर्च्यांवर ते दोघे बसले होते. मुलगी वडिलांबरोबर स्वतःहून आली होती, ती दारापाशी उभी. मी भिंतीला लागून. हवालदार टाईप केलेला एक कागद घेऊन आत आले. माझा अहवाल टेबलावर होता, जसा ठेवला तसाच. साहेबांनी तो वाचला नव्हता, पासवर्ड मुलीकडे आहे एवढंच त्यांनी हवालदारांकडून ऐकलं होतं. त्यांना वाईट काही करायचं नव्हतं, त्यांच्यापुढे त्या दिवशी मोर्चाचा बंदोबस्त होता.

"विषय संपवू," साहेब म्हणाले. "मुलीने पासवर्ड द्यावा. हा माफीनामा, यापुढे असं करणार नाही म्हणून. तुम्ही दोघं अर्ज मागे घ्या. झालं?"

"झालं साहेब," दोघे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. लातूरच्याने नांदेडच्याच्या पाठीवर थाप मारली. "सॉरी यार." "जाऊ दे रे." होस्टेलपासूनची दोस्ती अर्ध्या मिनिटात परत आली. दाराकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही. त्यांच्या मनात तिच्याबद्दल राग नव्हता. त्यांना ती तिथे आहे हेच जाणवत नव्हतं.

माफीनामा म्हणजे लेखी कबुली. उद्या यांच्यात पुन्हा बिनसलं तर तोच कागद तिच्याविरुद्ध पुढे आला असता, आणि पेज, तारखा, चार वर्षांचं काम, सगळ्यावरून तिचा हात कायमचा निघाला असता. पेज पहिल्यापासून तीच चालवते, हे अहवालात मी लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर.

तिने पुढे येऊन पेन घेतलं. तिचे वडील मान खाली घालून उभे होते.

साहेब घड्याळात बघून उठता उठता गमतीने म्हणाले, "आणि आता अहमदपूर कुणाचं? नाहीतर पुढच्या लग्नसराईला परत याल."

"तसं अहमदपूर नांदेडच्या जवळ पडतं, साहेब," नांदेडचा म्हणाला.

"जिल्हा लातूर हाय त्याचा," लातूरचा म्हणाला.

"अरे पण आधी बोलणं माझ्याशी झालतं."

"मुलाकडचे कुणाकडं आले होते?"

साहेब परत खुर्चीत बसले. मुलीच्या हातातलं पेन कागदाच्या तळाशी, सहीच्या रेघेवर टेकलेलं होतं.  हवालदार माझ्याकडे बघत होते. एकोणऐंशीला बघायचे तसेच. पण या वेळी त्यांच्याकडे दाखवायला बोटं नव्हती.

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"साहेब, तिची सही घेऊ नका. तिने काही चोरलेलं नाही. आणि अहमदपूर तिचं आहे."